उशीचा उसवलेला कोपरा

घाट उतरून गेलं की नदीच्या वळणावर पिवळवाडी नावाचं एक गाव लागायचं. केव्हाची गोष्ट, ते विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ते माहीत नव्हतं. पण गावाला पिवळवाडी का म्हणायचे, ते मात्र सांगता येईल. दसऱ्याच्या सुमाराला घाटावरून खाली पाहिलं तर घरं दिसायचीच नाहीत, नुसता झेंडू दिसायचा.

आता झेंडू म्हटलं की तुम्हांआम्हांला दारावरचं तोरण आठवतं, फार तर देवाच्या गळ्यातला हार. पिवळवाडीत तसं नव्हतं, तिथे झेंडूवाचून कुणाचं काही चालत नसे. वांग्याच्या दोन सऱ्यांमध्ये एक सरी झेंडूची हवीच, नाहीतर वांग्याच्या मुळांना गाठी धरायच्या आणि उभं रोप मान टाकायचं. विळा लागला, काटा मोडला, की झेंडूचा पाला चुरगळून जखमेवर बांधायचा. पाकळ्या उकळून लुगडी रंगवायची. उरल्यासुरल्या पाकळ्या कोंबड्यांना घालायच्या, म्हणजे अंड्याचा बलक असा पिवळाधमक व्हायचा की बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, बाई, हळद पाजता की काय कोंबड्यांना?

दिवाळी झाली की शेवटचा बहर कुणी तोडायचा नाही, असा तिथला रिवाज होता. फुलं झाडावरच वाळू द्यायची, मग बोंडं खुडायची आणि गाठोडं बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरामुळे त्याला कीड लागत नसे. पुढच्या पावसाळ्याचं बी ते. देवाला वाहिलेलं फूल मात्र निर्माल्य झालं की नदीत जायचं, ते घरात ठेवायचं नाही. ही दोन फुलं वेगळी, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गावाच्या टोकाला येसू नावाची माळीण राहायची. बाई कामाला वाघीण, पण मनाने ससा. पाल चुकचुकली तरी ही हातातलं काम खाली ठेवायची. मांजर आडवं गेलं तर ही घरी परत येऊन पाणी पिऊन मग निघायची. तिची एकुलती एक लेक ठमी, पाच वर्षांची. नवरा फुलांची गाडी घेऊन लांबच्या बाजाराला गेला होता. आणि सासू? ती गेल्याच पावसाळ्यात वारली होती.

या सासूबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. म्हातारी गावची सुईण होती. गावात मूल जन्माला आलं की बारशाला ती स्वतःच्या हातानं शिवलेली एक लहानशी उशी घेऊन जायची. पाटलाचं घर असो की मोळी विकणाऱ्याचं, उशी सारखीच. त्या उशीवर पोरं अशी निजायची की आयांना आश्चर्य वाटायचं. आत काय भरतेस गं, असं कुणी विचारलं की म्हातारी दात नसलेलं तोंड पसरून हसायची आणि विषय बदलायची. वरून दाबलं की सावरीचा कापूस हाताला लागायचा, म्हणून कापूसच असेल असं सगळे समजायचे. खुद्द येसूलाही तेच वाटायचं. ठमीला तर त्या उशीवाचून झोपच येत नसे. कडेवर बसून नदीवर निघाली तरी उशी बगलेत.

त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि गावात तापाची साथ आली. आधी कुंभाराची सून आजारी पडली, मग गावराखण करणाऱ्या तराळाचा म्हातारा, मग एकाच आळीतली तीन पोरं. लोहाराचा मुलगा धट्टाकट्टा, सकाळी भाता ओढत होता. आठवडा उलटायच्या आत गेला. तेव्हा मात्र गावाच्या तोंडचं पाणी पळालं. बाजाराच्या वाटा बंद झाल्या. दिवेलागणीला कुणी कुणाच्या दारात जाईना. कुणाच्या घरात मूल रडलं की शेजारची बाई आपल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बघायची.

माणूस भ्यायला की त्याला कारण लागतं. मिळालं नाही तर तो तयार करतो. देवळातला गुरव आधीच घाबरलेला, त्याची नात अंथरुणाला खिळलेली. एक दिवस त्याचं लक्ष देवळाच्या पडवीत टांगलेल्या वाळक्या बोंडांकडे गेलं आणि त्याच्या मनाने घेतलं की मरण येतं ते या मेलेल्या फुलांवर बसून. निर्माल्य नदीत टाकायचं असतं, आपण घराघरांत मेलेली फुलं टांगून ठेवतो, मग दुसरं काय होणार? त्यानं हे पाटलाला सांगितलं, पाटलानं दवंडी पिटवली. वाळलेलं एकही फूल गावात राहता कामा नये. ज्याच्या घरात राहील, त्याच्या घरात मरण मुक्कामाला येईल.

कुणीतरी म्हणायला हवं होतं की अहो, आपल्या आज्यापणज्या हे बी टांगतच मेल्या की म्हाताऱ्या होऊन. पण भीतीपुढे तोंड उघडायचं कुणी? घराघरांतून गाठोडी निघाली. येसूनं तर सगळ्यांच्या आधी आपलं गाठोडं सोडलं, नदीवर धावत नेलं आणि पाण्यात उधळलं. घरी येऊन तिनं आढं झाडलं, चूल सारवली, कोनाडे पुसले. मग ठमीला जवळ घेऊन बसली. आता काही होणार नाही, असं ती दहा वेळा म्हणाली, ते ठमीला की स्वतःला, कोण जाणे.

ताप मात्र हटला नाही. ज्यांनी घर धुऊनपुसून लख्ख केलं होतं, त्यांच्याच घरात आणखी दोघं आजारी पडली. यावर गावानं काय विचार करावा? दवंडी चुकली असं नाही. गाव म्हणालं, अजून कुणीतरी फुलं लपवली आहेत.

आणि मग शोध सुरू झाला. पाटलाची माणसं काठ्या घेऊन घरात शिरू लागली. कणग्या उपसल्या, गोधड्या झटकल्या. लोक एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघू लागले. ज्या बायका वर्षानुवर्षं एका धोंड्यावर लुगडी धुवायच्या, त्या आता नदीवर लांब लांब बसायला लागल्या.

अशात एका दुपारी ठमीचं अंग तापलं. येसूनं तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पोर डोळे अर्धवट मिटून पडली होती, ओठ सुकले होते, दोन्ही हातांनी उशी घट्ट धरलेली. येसूला लोहाराचा मुलगा आठवला. तिनं घराचा कोपरा न् कोपरा पुन्हा तपासला. एक पाकळी सापडली नाही. मग हे मरण आलं कुठून? कुणाच्या घरातून?

आणि तिला हौसाक्का आठवली.

हौसाक्का गावची रंगारीण. एकटी राहायची, हात कोपरापर्यंत कायमचे पिवळे. रंगासाठी ती पोतीच्या पोती वाळलेला झेंडू साठवायची. दवंडीनंतर ती सगळी नदीत गेली असं लोक समजत होते, पण कालपरवाच येसूनं तिच्या परसात, गोवऱ्यांच्या हुडव्यामागे, पोत्याचं तोंड पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. कारण हौसाक्काचे उपकार थोडे नव्हते. येसूच्या पायावर विळा पडला होता तेव्हा याच बाईनं पाला ठेचून बांधला होता, रोज येऊन बदलला होता, आणि पाय वाचवला होता.

पण ते झालं चांगल्या दिवसांतलं. आता पोर तापानं फणफणत होती. येसू उठली, तशीच अनवाणी पाटलाच्या दारात गेली आणि हौसाक्काचं नाव सांगून मोकळी झाली.

पुढचं सगळं फार झटपट घडलं. माणसं गेली, हुडवा उधळला, पोती निघाली. हौसाक्का म्हणत होती की ही रंगाची फुलं आहेत, ही गेली तर मी खाऊ काय? कुणी ऐकलं नाही. पोती नदीत गेली आणि हौसाक्काला ओढ्यापलीकडच्या पडक्या गोठ्यात नेऊन ठेवलं. गावात पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद दिली. जाताना ती येसूच्या दारावरून गेली. नाव कुणी सांगितलं हे तिला कळलं होतं; अशा गोष्टी लपत नाहीत. येसू दाराआड उभी होती, आता ही तळतळाट देणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले होते.

हौसाक्का क्षणभर थांबली. "येसू, पोरीला पाणी पाजत राहा," ती म्हणाली. "पातळ पेज दे. नको म्हणाली तरी चमच्या चमच्यानं दे." आणि पुढे गेली.

शिवी दिली असती तर येसूला बरं वाटलं असतं. ती आत येऊन ठमीच्या उशाशी बसली आणि सांगितल्याप्रमाणे पेज भरवू लागली. पोरीनं दोन चमचे घेतले, तिसऱ्याला मान फिरवली आणि उशीची शिवण कुठेतरी नखात अडकून टर्रकन उसवली.

येसूच्या मांडीवर काहीतरी पडलं. काळं, बारीक, काडीसारखं, टोकाला वाळल्या गवताच्या रंगाची शेपटी. माळ्याच्या घरच्या बाईला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. तिनं उसवलेल्या शिवणीत बोट घातलं. कापसाच्या पातळ थराखाली फुलं होती. वाळलेली, कोमेजून तपकिरी झालेली, म्हातारीनं एकेक देठ खुडून भरलेली झेंडूची फुलं. घरालाच झेंडूचा वास, त्यात उशीचा वास वेगळा कुणाला कळणार?

ज्या मरणासाठी तिनं हौसाक्काला गावाबाहेर घालवलं, ते तिच्याच लेकीच्या डोक्याखाली होतं. तिनं उशी हिसकली आणि मागच्या दाराकडे धावली. नदीत टाकायची, आत्ताच्या आत्ता. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून काठ्यांचे आवाज आले. पाटलाची माणसं घरं बघत येत होती. उशी घेऊन बाहेर पडली तर सापडणार. आत ठेवली तरी सापडणार. आणि मागे ठमी जागी झाली होती, हुंदके देत हात पसरून उशी मागत होती. रडता रडता तिचा श्वास अडकायला लागला.

येसू उंबऱ्यावर थांबली. एक पाय आत, एक बाहेर. एक गोष्ट तिच्या मनात आली, आणि ती जाईना. ही पोर या उशीवर आजच निजलेली नाही. जन्मल्यापासून निजली आहे. पहिला दात आला तेव्हा हीच उशी, गोवर आला आणि गेला तेव्हा हीच उशी. या फुलांना मारायचंच असतं तर ती इतकी वर्षं कशाची वाट बघत होती?

ती परत आत आली. धीर आला म्हणून नव्हे. पोरीचं रडणं ऐकवेना म्हणून. तिनं उसवलेला कोपरा हाताने मिटला, उशी ठमीच्या डोक्याखाली सरकवली आणि वर गोधडी ओढली. माणसं दारात आली, आत डोकावली, पोर तापाने पडलेली पाहून चार पावलं मागे सरली आणि तशीच निघून गेली. येसू चमच्या चमच्यानं पाणी पाजत राहिली. प्रत्येक चमच्याला तिला वाटायचं, आता उशीतून काहीतरी वर येईल आणि पोरीचा गळा धरेल. तरी तिनं उशी काढली नाही.

उजाडता उजाडता ठमीला घाम फुटला. अंग निवलं. कोंबडा आरवला तेव्हा तिनं डोळे उघडून भूक लागली म्हणून सांगितलं. येसूनं तिला छातीशी धरलं आणि पोटभर रडून घेतलं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ठमी बरी झाल्याची बातमी गावभर झाली आणि गावानं तिचा भलताच अर्थ लावला. हौसा ओढ्यापलीकडे गेली आणि सकाळी पोर उठून बसली, यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा? मरण हौसाच्याच अंगाला चिकटलंय. नुसतं ओढ्यापलीकडे ठेवून भागणार नाही, घाटापलीकडे हाकलायला हवं, आणि तो गोठाही पेटवून द्यायला हवा. देवळासमोर माणसं जमू लागली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात पलिते. बायका येसूच्या दारावरून जाताना म्हणत होत्या, बरं झालं बाई तू नाव सांगितलंस, तुझ्यामुळे गाव वाचलं.

येसू ऐकत होती. गप्प बसलं तर सगळं सुरळीत होतं. पोर बरी, घर शाबूत, वर गावाची शाबासकी. बोललं तर काल हौसाक्काचं जे झालं तेच आपलं. नवरा परत येईल तेव्हा त्याला बायको आणि पोर ओढ्यापलीकडे शोधावी लागतील, नाहीतर घाटापलीकडे. भित्र्या बाईला दोन्हीकडे भीतीच दिसत होती. पण एकीकडच्या भीतीत हौसाक्का घाटापलीकडे हाकलली जाणार होती, आणि जाताना तिनं पेज पाजायला सांगितलं होतं.

तिनं ठमीला कडेवर घेतलं, उशी बगलेत मारली, कनवटीला विळा खोचला आणि देवळाची वाट धरली. दोनदा ती परत फिरली, दोनदा पुन्हा निघाली. देवळासमोर पोचली तेव्हा पलिते पेटवून झाले होते.

येसू देवळाच्या पायरीवर चढली. तिला बघून लोकांनी वाट दिली, आज ती गावाची लाडकी होती ना. तिनं उशी पायरीवर ठेवली, विळ्यानं उभी चिरली आणि उलटी केली. कापूस वाऱ्यावर गेला. वाळलेल्या फुलांचा आणि काळ्या बियांचा ढीग पायरीवर पडला.

गर्दी एका दमात मागे हटली. लेकुरवाळ्या बायकांनी पोरांची तोंडं पदराखाली झाकली.

"माझी ठमी यावर निजते," येसू म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पुढच्यांनाच ऐकू गेलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं. "काल ताप चढला तेव्हा यावरच होती. उतरला तेव्हाही यावरच. हौसाक्कानं काही केलेलं नाही. मी भ्याले, म्हणून तिचं नाव घेतलं. आता कुणाला बाहेर घालवायचंच असेल तर मी इथे उभी आहे."

कुणीतरी ओरडलं की हिलाही घालवा. पाटलाची माणसं पायरीकडे सरकली. पाटील काही बोलणार, इतक्यात त्याची सून गर्दीतून पुढे आली. कडेवर तान्हं मूल, आणि मुलाच्या पाठीशी उशी. तीच उशी, म्हातारीच्या हातची, त्याच टाक्यांची. सून आधी येसूच्या ढिगाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या मुलाच्या उशीकडे. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं दातानं एक टाका तोडला. आतून काळं बी तिच्या तळहातावर घरंगळलं.

त्यानंतर तिथे काय झालं ते मोठं बघण्यासारखं होतं. एक बाई घराकडे पळाली, मग दुसरी, मग बाप्ये पळाले. म्हातारी गावाची सुईण होती हो. गावात असं घर नव्हतं जिथे तिनं उशी दिली नाही. उश्या उसवल्या तर फुलं कुंभाराकडे निघाली, तराळाकडे निघाली, बरी झालेल्या पोरांच्या डोक्याखाली निघाली आणि ज्यांना ताप शिवलाही नाही त्यांच्याही निघाली. गुरव सगळ्यांत शेवटी आला. नातीची उशी त्याच्या हातात होती; ती नातही त्याच दिवशी उठून बसायला लागली होती. त्यानं उशी उघडून बघितली, पलित्यांवर घडाभर पाणी ओतलं आणि पायरीवर डोकं धरून बसला. बिचारा लबाड नव्हता. भ्यालेला होता, येसूसारखाच.

लोहार मात्र उशी घेऊन एकटाच झाडाखाली उभा होता. त्याच्या मुलाचीही उशी होती ती, लहानपणीची. ताप कशाने आला आणि कशाने गेला, हे पिवळवाडीला कधीच कळलं नाही. फुलांमुळे आला नव्हता, एवढंच कळलं.

येसू ओढा ओलांडून गोठ्यापाशी गेली. काय बोलायचं हे वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरली. हौसाक्कानं तिला बघून विचारलं, "ठमी जेवली का?" येसूनं मान डोलावली आणि तिच्या पायांशी बसली. मग दोघी मिळून गावाकडे निघाल्या. हौसाक्कानं तिला माफ केलं का, हे मी सांगू शकत नाही. ती पुन्हा येसूच्या घरी येऊ लागली, पण पहिल्यासारखी हाक न मारता आत शिरायची नाही, दारात थांबायची. ते येसूला जन्मभर लागून राहिलं.

पावसाळा आला तेव्हा गावात पेरायला बी नव्हतं, सगळं नदीला गेलं होतं. होतं ते फक्त उश्यांमध्ये. ठमीच्या उशीतलं बी पाच वर्षांचं जुनं, त्यातलं नावालाही उगवलं नाही. पाटलाच्या नातवाच्या उशीतलं मात्र ताजं होतं, ते तरारून आलं. त्याचंच रोप घरोघर वाटलं. दसऱ्याला झेंडू थोडाच फुलला, तरी सगळ्यांच्या दारात तोरण लागलं, आणि पहिली पाटी भरून हौसाक्काच्या रंगाच्या हंड्यात गेली.

पुढे गावात बारसं असलं की येसू उशी शिवून न्यायची. सासूसारखीच, झेंडूची फुलं भरून. फक्त एक कोपरा ती शिवायची नाही, बोटभर उघडा ठेवायची. बी गळतं गं, असं बायका म्हणायच्या. येसू म्हणायची, गळू दे, पण ज्याला भीती वाटेल त्याला आत बघता आलं पाहिजे.

गोष्टीचं तात्पर्य म्हणाल तर एवढंच: भीती वाटली की बोट आधी शेजाऱ्याच्या दाराकडे वळतं. ते उचलण्याआधी आपल्या उशीचा कोपरा उसवून पाहावा.